कुठली हवा काढायची

१२ मार्च, गुरुवार

पडले! खिंडीच्या उतारावर मागचा ब्रेक दाबला तर लिव्हर सरळ हँडलला चिकटला. ब्रेक कुठाय? नुसता लिबलिबीत, आसट भातासारखा. पुढचा एकटाच जोरात दाबला असता तर डोक्यावरून पलटले असते. म्हणून सायकल करवंदीच्या जाळीत घातली. हात ओरबाडला, ड्रेसची बाही फाटली. सायकलला कायसुद्धा नाय झालं. तिला काय होतंय, फॉरेनची ती!

ह्यांनी पाठवली मागच्या महिन्यात. हे मुंबईला टॉवरवर वॉचमन, तिथल्या साहेबाने नवी घेतली आणि जुनी ह्यांना दिली. टेम्पोत कोंबड्यांच्या खुराड्यावर उलटी टाकून आली. तेव्हापासून मागच्या ब्रेकचं हे असं. आणि ब्रेकला वायर नाय! काळी नळी हाय, तिच्यात तेल. लिव्हर दाबला की तेल रबराला ढकलतं, रबर रिंगला घट्ट धरतं. धरलं तर!

एक तारखेपासून कारखान्याच्या कॅन्टीनला लागायचंय. सातला हजर. एस.टी. येते आठला. चालत जायचं तर काळोखात निघा, खिंडीत रानडुकरं. म्हणजे सायकलच. कॅन्टीनच्या दीपकसाहेबांनी सांगितलंय — "पहिल्या आठवड्यात एकही खाडा चालणार नाही, बाई. मागे चार जणी उभ्या आहेत."

गळ्यात घालायचं कार्ड मिळणार. माझं नाव, माझा फोटो. आधारकार्ड सोडलं तर माझा फोटो कोणी कशाला मागितलाय?

ब्रेक झालाच पाहिजे.

१३ मार्च

पोलादपूरला गॅरेजवर नेली. मोटरसायकलवाला पोरगा. नुसतं बघून म्हणतो, "मावशी, ब्रेक ऑइल टाकून देतो, पाच मिनिटांचं काम." बाटली उघडलीपण. पण नळीचा स्क्रू सहा कोनांचा, बारीक. त्याच्याकडे तेवढी किल्लीच नाय! माझ्यासमोर पकडीने पिळायला लागला. म्हटलं, ठेव खाली. स्क्रूचं डोकं खाल्लंस तर तुझं डोकं खाईन.

परत चढ ढकलत आणली. जीव गेला.

१४ मार्च, शनिवार

लिहायचीसुद्धा लाज वाटते. पण वही माझीच हाय.

सकाळी ह्यांचा फोन. खिंडीकडे तोंड करून अंगणात उभं राहिलं तर रेंज येते, तीही शिंकल्यासारखी. हे म्हणाले, "साहेबांना विचारलं. ते बोलले, काय बिघडलं नाय. हवा काढायची. हवा काढली की ब्रेक लागेल—" फोन कट.

एवढंच ना! बसले आणि दोन्ही चाकांची हवा काढली. फुस्स. अगदी शेवटपर्यंत, वर बसून दाबून. मग ढकलून बघितली. चाक रुतलं, सायकल हलेना. मला वाटलं, बघा! लागला ब्रेक!

तेवढ्यात वईच्या कुंपणापलीकडून आवाज, "उज्वला, कुणाची हवा काढलीस गो?"

काशीबाय. माझी मोठी जाऊ. मोठे भाऊजी वारले, पोरगा अश्विन पनवेलला, एकटीच असते, लोकांचे ब्लाऊज शिवते. बांधावरच्या फणसाच्या कुयऱ्या मला न सांगता काढल्या तिने, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. महिनाभर तोंड फिरवून धुणी वाळत घातली दोघींनी. आणि आज बोलली ती हे!

म्हटलं, "ब्रेकची हवा काढते."

"ब्रेकची हवा चाकात असते होय? मग माझ्या मशीनचं तेल चुलीत असेल."

आणि हसली. पदर तोंडात कोंबून हसली. एवढी हसली की वईचा खांब धरावा लागला.

बरं, हवा भरावी तर ह्या चाकाचा वॉल वेगळा! बारीक मुंडीचा. वाडीतला एकपण पंप बसेना. बसलेल्या चाकांची सायकल आणि उभी मी.

१५ मार्च

टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून सायकल महाडला नेली. मोरूच्या दुकानात. म्हातारा हाय, पण त्याच्याकडे डब्यात सगळं सापडतं. पितळेची टोपी काढली, वॉलवर फिरवली, पंप बसला. टोपी मला देऊन टाकली. ब्रेक बघितला आणि मान हलवली. "ह्याची नळी कापून टाकू. वायरचा ब्रेक बसवतो."

"बसेल?"

"बसवू कसातरी."

कसातरी नको. खिंडीचा उतार कसातरी उतरता येत नाय. घेऊन आले.

१६ मार्च

डोकं दुखतंय. कोणाशी बोलले नाय.

१७ मार्च, मंगळवार

ह्यांचा फोन लागला. आधी झापलं. "अर्ध्यावर फोन ठेवायचा आणि बायकोने चाकं बसवायची!" हे हसले. सगळीच हसतात मला.

मग नीट सांगितलं. हवा चाकातली नाय, नळीतली. सायकल उलटी आली तेव्हा नळीच्या सांध्यातून तेल ठिबकलं, त्याच्या जागी हवा शिरली. तेल दबत नाय, हवा दबते. म्हणून लिव्हर लिबलिबीत. खालच्या स्क्रूतून सिरिंजने तेल चढवायचं, वरच्या स्क्रूतून हवा बुडबुडे होऊन बाहेर. बुडबुडे संपले की झालं. सीटखाली पिशवी हाय, तिच्यात बारीक किल्ल्या आणि आट्यांची पितळी नळी. बाई गं, महिनाभर तिच्यावर बसून फिरले!

"आणि तेल? गॅरेजचं टाकू?"

"चुकून नको! त्याने आतली रबरं फुगतात, ब्रेक कायमचा जातो. साहेब बोलले, मिनरल."

"बिसलरीचं पाणी?"

"नाय गो! मिनरल तेल. पातळ, पांढरं. शिलाई मशीनला घालतात ना, ते चालतं."

पोलादपूरच्या त्या पोराकडे किल्ली नव्हती ते माझं नशीब.

शिलाई मशीनचं तेल. म्हणजे काशीबाय.

१८ मार्च

जाणार नाय म्हणत दुपारपर्यंत बसले. मग गेले.

ती मशीनवर होती. वर न बघता म्हणते, "कुयऱ्यांची भाजी संपली. उशीर केलास."

"भाजी नको. तेल पाहिजे. मशीनचं."

"कशाला?"

सांगितलं सगळं. कॅन्टीन, सात वाजता, कार्ड, बुडबुडे. पहिल्यांदाच कोणाला एवढं सांगितलं. तिने पाय थांबवला. मला वाटलं टोमणा येणार. आला.

"या वयात सायकल. आमच्या दासगावच्या बायका बघतील तर हसतील." आणि मग, "तुझ्या अंगणात करू नको. धूळ हाय, वारा हाय. तेलात कचरा गेला तर झालं. माझ्या पडवीत आण. फरशी स्वच्छ हाय."

आणली. काशीबाय सायकल बघायला उठली. पायाच्या अंगठ्याने पेडल उलटं फिरवून बरोबर वर आणून ठेवलं. दिवसभर मशीनचं पायडल हाणते ना, पाय चालतो.

बाटलीत तेल तळाला. आणावं लागणार. आणि सायकल म्हणे इथेच राहू दे, रोज नेआण करून सांधे सैल करशील. बरं!

२० मार्च, शुक्रवार

आज सगळी वाडी चवदार तळ्यावर. आम्ही दोघी एकाच जीपमध्ये, तिच्या मांडीवर माझी पिशवी. केवढी गर्दी! तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, डोळ्याला लावलं. काशीबाय म्हणाली, "सासूबाय सांगायच्या, त्यांचा बाप हे पाणी पहिल्यांदा प्याला तो इथेच, ह्याच पायरीवर." मला हे कधी नाय सांगितलं सासूबायने. मी कुठे कोणाजवळ बसले ऐकायला.

येताना मेडिकलमधून मोठी सिरिंज, सलाईनची नळी, स्पिरिट. मशीनचं तेल दोन बाटल्या. मेडिकलवाला विचारतो, "पेशंट कोण आहे?" काशीबाय म्हणते, "मुंबईचा हाय. अंगात हवा भरलीय."

२२ मार्च, रविवार

वाटोळं!

सायकल खांबाला बांधली, हँडल वर, म्हणजे लिव्हर सगळ्यात उंच. काशीबाय वरच्या स्क्रूजवळ चिंधी आणि वाटी घेऊन. मी खाली सिरिंज घेऊन. पहिल्यांदा बुडबुडे आले, मोठे मोठे. "आले! आले!" ओरडली ती. मला वाटलं, मग काय, दाबा! दिला जोर. पितळी नळीवरून सलाईनची नळी सटकली आणि सगळं तेल भिंतीवर, रिंगवर, रबरावर, तिच्या साडीवर.

काशीबायने पदर घेतला. तोंडावरचं तेल पुसून म्हणते, "सुईत दोरा ओवताना पण अशीच ढुशी देतेस काय?"

"तू नीट धरलं नायस!"

"मी वाटी धरलीवती. नळी तुझ्याकडे."

खरं होतं. म्हणूनच राग आला. तशीच उठून घरी आले. सायकल तिथे, तेल तिथे. फरशी तिनेच पुसली असणार.

२४ मार्च

नाय गेले.

२५ मार्च

गेले. फरशी पुसलेली. रिंग आणि रबरं स्पिरिटने घासलेली, वर साबणाच्या कढत पाण्याने धुतलेली. तेलकट रबर कशालाच धरत नाय, हे तिला कोणी सांगितलं? म्हणे, तेलकट हाताने कापड धरलं तर निसटतंच.

मी म्हटलं, "साडी दे, धुऊन देते."

"धुतली."

मग बसले. चहा झाला. कुयऱ्यांचं कोणीच काढलं नाय.

एक गंमत. सीट चार बोटं खाली आलीय. खटपटीत सैल झाली असणार. वर करून आवळली.

२६ मार्च, गुरुवार

झाला! झाला! झाला!

आज जागा बदलल्या. सिरिंज काशीबायकडे, वरचा स्क्रू माझ्याकडे. आधी तिने नळीचा सांधा किल्लीने आवळला, तिथून परत ठिबकायला नको. मग सिरिंज तोंड खाली करून टिचक्या मारल्या, तिच्यातली हवा मागे गेली. हे तर मी विसरलेच होते — रविवारी सिरिंजमधलीच हवा चढवत होते, शहाणी!

मग दाबायला लागली. दाबत होती का झोपली होती, कळेना. एवढं हळू! मी वर उभी, पाय बदलतेय. "अगो दाब की!"

"तू बघ फक्त. बघायचं काम दिलंय ते कर."

बघितलं. एक बुडबुडा. मोठा. मग गप्प. मग बारीक बारीक, तांदळाला कढ यायच्या आधी येतात तसे. मग नुसतं तेल. मी स्क्रू लावायला गेले तर म्हणते, "थांब. अजून हाय." बोटाने नळीवर टकटक करत खालून वर आली, झोपलेल्या पोराला थोपटतात तसं. आणि खरंच, कुठे दडून बसलेला एक टपोरा बुडबुडा वर आला आणि फुटला. शेवटचा. एवढा चुकार! तोच राहिला असता तर खिंडीत माझा जीव घेतला असता.

तेल वाहतं असतानाच वरचा स्क्रू लावला. मग खालचा.

लिव्हर दाबला. अर्ध्यावर थांबला. घट्ट! दगडासारखा! चाक फिरवून दाबला, जागेवर गप्प. परत फिरवलं, परत दाबला. दहादा दाबला असेल. काशीबायने एकदा दाबला आणि हात तसाच ठेवला.

"चांगला लागतो," म्हणाली. हळूच.

मी तिला मिठी मारली. तेलकट हातांनी. दुसरी साडी गेली.

२८ मार्च

खिंडीतून उतरले. निम्म्या उतारावर मुद्दाम सोडली, वारा कानात, मग मागचा दाबला. थांबली! करवंदीच्या त्याच जाळीसमोर उभी राहिले आणि तिला म्हटलं, ये आता.

परत आले तर काशीबायच्या कोपराला हळद लावलेली. काय झालं? काल पायरीवरून घसरले म्हणते. वय झालं हिचं. सांगितलं, चष्मा बदल.

३० मार्च

सायकल तिच्याच पडवीत ठेवते. छप्पर हाय. तिने म्हटलं म्हणून.

१ एप्रिल, बुधवार

पहिला दिवस. सातला दहा कमी असताना गेटवर! गेटवाला सायकलकडे बघून, "ब्रेकची वायर तुटलीय का मावशी?" म्हटलं, हिला वायर नसते. तेल असतं. फॉरेनची हाय.

तांदळाच्या भाकऱ्या, उसळ, भात. एवढं मोठं भांडं की त्यात मीच बसेन. हात भरून आले. पण कार्ड मिळालं! फोटोत तोंड चोरासारखं आलंय. तरी घरी येईपर्यंत गळ्यातून काढलं नाय. उतारावर ते उडून खांद्यावर जायचं, परत पुढे घ्यायची.

काशीबायला दाखवलं. तिने उलटसुलट करून बघितलं. बराच वेळ. "नाव बरोबर लिहिलंय," म्हणाली.

३ एप्रिल

सीट परत खाली! मागच्या आठवड्यातच आवळलेली. कुत्र्याला काय पाना धरता येतो? मोरूला विचारायला पाहिजे. आटे गेले असतील.

५ एप्रिल, रविवार

संध्याकाळपासून अंग मोडून आलंय. उद्या कामावर गेलंच पाहिजे.

६ एप्रिल, सोमवार

गेले. कशी गेले माझं मला माहीत. परत येताना खिंड चढवेना, सायकलला धरून चालले. दारातच बसले. काशीबायने पेज आणली, कपाळाला हात लावला. "भट्टी हाय."

म्हटलं, "उद्या खाडा झाला तर गेलं सगळं. आठवडा भरला नाय अजून. पहाटे मला उठव. काय पण कर, उठव."

"झोप," म्हणाली. कार्ड खुंटीवर होतं, ते तिने सरळ केलं.

७ एप्रिल, मंगळवार

उठले तर ऊन अंगणात! उठवलंच नाय तिने! भिंत धरत तिच्या पडवीत गेले. दाराला कडी. आणि सायकल गायब! ओरडणार होते, चोर! चोर! पण ऐकायला कोण? तिथेच पायरीवर बसून रडले. ब्रेक केला, हवा काढली, सगळं केलं, आणि बाईने उठवलं नाय!

फोन वाजला. रेंज कशी आली देव जाणे. दीपकसाहेब.

"उज्वलाबाई, ताप कसा आहे? सांगितलं तुमच्या जाऊबाईंनी. विश्रांती घ्या. त्या आहेत इथे."

"कोण?"

"काशीबाई. सातच्या आधीच आल्या, सायकलवरून. आणि बाई, रागावू नका, पण भाकरी तुमच्यापेक्षा पातळ करतात."

दुपारी खिंडीतून आली. मी बघितलं. ताठ बसलेली, पदर खोचलेला, एकसुद्धा हेलकावा नाय! अंगणात येऊन मागचा ब्रेक दाबला, पाय टेकला. गळ्यात माझं कार्ड, उलटं घातलेलं.

"फोटोतलं तोंड तुझं. म्हणून उलटं."

"तुला सायकल कधीपासून येते?"

"दासगावला भावाची होती. सावित्रीच्या काठाने मीच हाणायचे. लग्न झालं, राहिलं. मधे एकदोनदा बघितलं पडवीतून काढून, येते का अजून. पडले एकदा."

कोपर!

"मग म्हणालीस का, दासगावच्या बायका हसतील?"

"हसतीलच. मी पण हसत होते ना." कार्ड काढून माझ्या गळ्यात घातलं. "तुझा ब्रेक मात्र चांगला लागतो हां."

"माझा कुठला. तू दाबलीस सिरिंज."

९ एप्रिल, गुरुवार

ताप उतरला. दीपकसाहेबांना दुपारच्या पाळीला बाई पाहिजे. काशीबायचा फोटो काढायला उद्या महाडला. कार्डाला लागतो.

मी सकाळची, ती दुपारची, सायकल एकच. तिच्या रिळातले दोन दोरे घेऊन सीटच्या नळीला घट्ट गुंडाळले. वर लाल, माझा. चार बोटं खाली निळा, तिचा.